भाड्याचं घर सोडताना: नोटीस कधी द्यायची, कशी द्यायची आणि डिपॉझिट कसं परत घ्यायचं

माझं पुण्यातलं पहिलं भाड्याचं घर कर्वेनगरला होतं. घर सोडतेय हे मी मालकांना जिन्यात सांगितलं. काका दुधाच्या पिशव्या घेऊन वर येत होते, मी ऑफिसला निघाले होते. "काका, पुढच्या महिन्यात मी घर सोडतेय हं," म्हटलं. ते म्हणाले, "बरं बरं, बघू." महिन्याभराने सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काका खाली आले आणि म्हणाले, "अगं, तू मला कधी सांगितलंस?" ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. ते खरंच विसरले होते. पण महिन्याचं साडेसात हजार भाडं डिपॉझिटमधून गेलं, आणि तेव्हा ती रक्कम माझ्या पगाराच्या निम्मी होती.

त्यानंतर मी चार घरं बदलली आणि एकाही घराच्या डिपॉझिटसाठी भांडावं लागलं नाही. फरक एवढाच की तारीख कागदावर आली. सोलापूर, लातूर, जळगावहून नोकरीसाठी पुण्या-मुंबईत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे नेहमी सांगते. आज सगळं एका जागी लिहून ठेवते.

आधी अ‍ॅग्रीमेंट बाहेर काढा

घर सोडायचा विचार मनात आला की मालकांना फोन करायच्या आधी करार वाचा. एजंटने पीडीएफ पाठवली होती आणि आपण नुसता अंगठा दिला होता, असं बहुतेकांचं असतं. आता ती शोधा. सापडली नाही तर मालकांकडे किंवा एजंटकडे मागा. करार नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातूनही त्याची प्रत मिळते.

आपल्याकडे घर भाड्याने देताना बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' करार होतो, साधारण अकरा महिन्यांचा. त्यात तुमचा उल्लेख 'लायसेन्सी' आणि मालकांचा 'लायसेन्सर' असा असेल. चार गोष्टी बोट ठेवून वाचा: करार कोणत्या तारखेला संपतो, लॉक-इन किती महिन्यांचा आहे, नोटीस किती दिवसांची आणि कोणत्या पत्त्यावर द्यायची आहे, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार आहे. रंगकामाबद्दल काही लिहिलंय का, तेही पाहून ठेवा. ते शेवटी कामाला येतं.

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे," असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. म्हणजे नुसती नोटरी केलेली असेल तरी घाबरून जाऊ नका, तुमची बाजू लंगडी नाही.

लॉक-इन आणि नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी

इथे नवखी मुलं हमखास गडबडतात. लॉक-इन म्हणजे ज्या काळात घर सोडायचंच नाही असं दोघांनी ठरवलेलं असतं तो काळ, बहुधा तीन किंवा सहा महिने. नोटीस म्हणजे त्यानंतर सोडताना आधी द्यायची सूचना, बहुधा एक महिन्याची. काही करारांत लॉक-इन संपल्यावरच नोटीस देता येते. म्हणजे सहा महिन्यांचा लॉक-इन आणि एक महिन्याची नोटीस मिळून सात महिने होतात. काही करारांत पाचवा महिना संपताना नोटीस देऊन सहाव्याच्या शेवटी निघता येतं. वाक्य नीट वाचल्याशिवाय हे कळत नाही.

लॉक-इनमध्येच बदली झाली किंवा नोकरी गेली, तर कराराप्रमाणे उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. अशा वेळी नियमांवरून वाद घालण्यापेक्षा मालकांना समोर बसून खरं कारण सांगा आणि तुमच्या जागी दुसरा भाडेकरू आणून द्यायची तयारी दाखवा. घर एक दिवसही रिकामं राहणार नसेल तर बरेच मालक ऐकतात. फक्त जे ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या.

करार त्याच्या तारखेला आपोआप संपत असेल तर काय? कायद्याने तो त्या दिवशी संपतो. तरीही महिनाभर आधी "मी रिन्यू करणार नाही" असं लिहून कळवा. नाहीतर मालक धरून चालतात की तुम्ही राहणार आहात, आणि शेवटच्या आठवड्यात दोघांचीही धांदल होते. आणि अकरा महिने कधीच उलटून गेलेत, नवा करार झालेला नाही, भाडं मात्र दरमहा चालू आहे, अशी परिस्थिती असेल तर जुन्या करारात होती तेवढीच नोटीस द्या.

उलट बाजूही लक्षात ठेवा. करार संपल्यावर मालकांच्या संमतीशिवाय राहत राहिलात, तर त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागितली जाऊ शकते. १८ हजारांच्या घराला ३६ हजारांचा दर. नवीन घराची किल्ली मिळायला चार दिवस उशीर होणार असेल तर "काका, चार तारखेपर्यंत राहू का?" हे लिहून विचारा आणि लेखी "हो" मिळवा.

तारीख मोजणं

एक उदाहरण घेऊ. भाडं १८ हजार, एक महिन्याची नोटीस, आणि तुम्हाला ३१ ऑक्टोबरला निघायचंय. मग पत्र मालकांच्या हातात ३० सप्टेंबरपर्यंत पडायला हवं. तुम्ही लिहिलं कधी याला महत्त्व नाही, त्यांना मिळालं कधी याला आहे. मी दोन-तीन दिवस हाताशी ठेवते, कारण मालक गावाला गेलेले असतात, फोन उचलत नाहीत, पोस्टाला सुट्टी येते.

तेच पत्र १० ऑक्टोबरला दिलंत तर महिना ९ नोव्हेंबरच्या सुमारास भरतो. तुम्ही ३१ ला गेलात तरी मालक पुढच्या नऊ दिवसांचं भाडं मागू शकतात. दिवसाला ६०० रुपये धरले तर ५,४०० रुपये. काही मालक तेवढंच घेतात, काही पूर्ण महिन्याचं मागतात. म्हणून दिवसांच्या हिशोबाने की पूर्ण महिना, हे पत्र देतानाच बोलून घ्या.

आधी फोन, मग पत्र

'नोटीस' हा शब्द आपल्या वडीलधाऱ्या मालकांना कोर्टाचा वाटतो. माझ्या दुसऱ्या घरच्या काकूंच्या हातात मी काही न बोलता पत्र ठेवलं, तर त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काय झालं गं? आमचं काही चुकलं का?" तेव्हापासून मी आधी फोन करते किंवा जाऊन भेटते, कारण सांगते, आणि मग म्हणते, "काकू, आठवणीसाठी एक साधं पत्रही देते." पत्राच्या विषयातही नोटीस हा शब्द लिहीत नाही. मजकूर नोटिशीचाच असतो, पण वाचणाऱ्याच्या छातीत धस्स होत नाही.

मी वापरते ते पत्र असं:

दिनांक: २८ सप्टेंबर २०२५

प्रति,
श्री. ………… (करारात आहे तसं पूर्ण नाव आणि पत्ता)

विषय: फ्लॅट क्र. …… रिकामा करून ताबा देण्याबाबत

आदरणीय काका,
दि. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या आपल्या लिव्ह अँड लायसन्स करारानुसार (दस्त क्रमांक ………) मी वरील फ्लॅटमध्ये राहत आहे. करारातील कलम …… प्रमाणे एक महिन्याची पूर्वसूचना देऊन कळवते की, दि. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी मी फ्लॅट रिकामा करून सर्व चाव्या आपल्या ताब्यात देईन. तोपर्यंतचे भाडे नेहमीप्रमाणे भरेन.
त्या दिवशी आपण दोघांनी मिळून घराची पाहणी करावी आणि वीजबिलाची देय रक्कम वजा करून रु. ५०,०००/- अनामत रकमेतील बाकी माझ्या बँक खात्यात जमा करावी, ही विनंती. नवीन भाडेकरूंना घर दाखवायचे असल्यास आदल्या दिवशी कळवावे. सायंकाळी सातनंतर किंवा रविवारी मी घरी असते.
कळावे,
आपली,
(सही, नाव, मोबाईल)

पत्र मिळाले: सही ………… दिनांक …………

शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. दोन प्रती काढा, एक मालकांना द्या आणि दुसरीवर त्यांची सही आणि तारीख घ्या. सही मागायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. "ऑफिसला दाखवायला लागते" वगैरे कारण देऊ नका. "दोघांकडे एकेक प्रत असली की तारखेचा घोळ होत नाही" एवढं म्हटलं की पुरतं. लगेच त्या सही केलेल्या प्रतीचा फोटो त्यांनाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

मालक परगावी असतील तर ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर पाठवा आणि "मिळालं" असं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. नुसत्या निळ्या खुणांवर विसंबू नका. संबंध ताणलेले असतील, किंवा पोस्टानेच नोटीस द्यावी असं करारात असेल, तर करारातल्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे करारात 'रजिस्टर्ड एडी' लिहिलेलं असलं तर पोस्टाच्या खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोहोच (पत्र मिळाल्याची पावती) मागा, आणि पावती जपून ठेवा.

एजंटला सांगणं म्हणजे मालकांना सांगणं नव्हे. पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटचे मालक अमेरिकेत असतात आणि व्यवहार त्यांचे वडील किंवा भाऊ बघतात. अशा वेळी करारावर ज्यांची सही आहे त्यांना पत्र पाठवा आणि इथे व्यवहार बघणाऱ्यांनाही त्याची प्रत द्या.

तीन-चार मित्र मिळून राहत असाल आणि एकटेच निघत असाल, तर गोष्ट थोडी किचकट होते. करारात सगळ्यांची नावं असतात आणि भाड्याची जबाबदारी बहुधा सगळ्यांवर एकत्र टाकलेली असते. तुम्ही गेलात तरी तुमचं नाव राहतं. नव्या मुलाला घेऊन करार नवा करून घ्या. ते लगेच होत नसेल तर निदान मालक आणि उरलेले मित्र या सगळ्यांच्या सहीने "अमुक तारखेपासून यांची जबाबदारी संपली" एवढं लिहून घ्या. तुमच्या वाटणीचं डिपॉझिट कोण देणार, मालक की येणारा मुलगा, हेही त्यातच लिहा.

नोटिशीचा महिना

भाडं वेळेवर भरत राहा. "शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या" ही युक्ती मित्र हमखास सुचवतात. मालकांनी लेखी संमती दिली तर खुशाल करा. त्यांना न विचारता भाडं थांबवलंत तर थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि मग हिशोबाच्या वेळी बोलायला तोंड उरत नाही.

घर बघायला लोक येऊ लागतील. त्यांना सहकार्य करा, कारण नवा भाडेकरू लवकर मिळाला की डिपॉझिटही लवकर सुटतं. पण वेळ तुम्ही ठरवा. एकट्या राहणाऱ्या मुलींनी तर स्पष्ट सांगावं की मी घरी असतानाच आणि आधी कळवूनच या.

सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सामान हलवायचे नियम विचारा. बऱ्याच सोसायट्यांना गेटवर टेम्पो सोडायला मालकांचं पत्र किंवा मेल लागतो, लिफ्टची वेळ ठरलेली असते, काही ठिकाणी रविवारी सामान हलवू देत नाहीत. मेंटेनन्सची बाकी कोणाकडे आहे ते बघा. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते पैसे, मालकाने भरायचे असतात, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर ते तुमच्या हिशोबात येत नाहीत.

गॅस सिलिंडर तुमच्या नावावर असेल आणि दुसऱ्या गावी जात असाल, तर एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. वायफायचा राउटर परत करून त्याची पावती घ्या. भाडं महिना ५० हजारांहून जास्त असेल तर २ टक्के टीडीएस (भाड्यातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो आणि वर्षाच्या मध्येच घर सोडलं तर तो शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून कापतात, हे विसरू नका. मालक अनिवासी असतील तर टीडीएसचे नियम वेगळे आहेत, ते सीएला विचारा. एचआरए (पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची करसवलत) घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर मालकांचा पॅन आणि भाड्याच्या पावत्या आत्ताच मागून घ्या. घर सोडल्यावर मार्चमध्ये त्यांना फोन करणं जड जातं.

शेवटचा दिवस

सामान गेल्यावर रिकामं घर झाडून घ्या. मी फिनाईलने लादीही पुसते. भिंतीवर जिथे कॅलेंडर होतं तिथे पांढरा चौकोन दिसतो, पलंग जिथे टेकत होता तिथे डोक्याच्या तेलाचा डाग दिसतो. भरल्या घरात यातलं काही दिसत नाही आणि मालक नेमके त्या दिवशी पहिल्यांदा बघतात. म्हणून आदल्या दिवशीच एकदा नीट फिरून बघा. नळाचा वॉशर, फ्यूज उडालेला बल्ब, बाथरूमच्या दाराची कडी, ही दोनशे-तीनशे रुपयांची कामं स्वतः करून घेतलेली बरी. हिशोबात तीच दोन हजारांची होतात.

मग व्हिडिओ काढा. दारापासून सुरू करा, प्रत्येक खोली, प्रत्येक नळ चालू करून, पंखे फिरवून, ओट्याखालची जागा, खिडक्यांच्या काचा. त्यानंतर खाली मीटरच्या खोलीत जा. तिथे बहुधा अंधार असतो, मोबाईलचा टॉर्च लावा आणि मीटर क्रमांक आणि रीडिंग एकाच फोटोत येईल असा फोटो घ्या. महावितरणचं बिल मागच्या वापराचं असतं आणि तुम्ही गेल्यावर येतं. शेवटच्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग यातला फरक म्हणजे तुमची युनिटं. त्याची रक्कम तिथल्या तिथे ठरवा, म्हणजे "बिल येऊ दे, मग बघू" म्हणून अख्खं डिपॉझिट अडकत नाही. पाइप गॅसच्या मीटरचंही तसंच करा.

चाव्या मोजून द्या, किती दिल्या ते लिहा आणि ताबा पावती करून घ्या: "फ्लॅट क्र. …… चा ताबा आणि …… चाव्या दि. …… रोजी मिळाल्या, घर सुस्थितीत आहे, हिशोबाप्रमाणे रु. …… देणे बाकी, ते दि. …… पर्यंत देईन." खाली दोघांच्या सह्या. नोंदणीकृत कराराची मुदत अजून उरली असेल तर "उभयतांच्या संमतीने करार आजपासून संपला" हे वाक्यही घाला. आधी दिलेले पुढच्या तारखांचे चेक परत मागा.

डिपॉझिट आणि चाव्या एकाच वेळी, एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने घ्यायचं, हे सगळ्यात उत्तम. करारात तसंच लिहिलेलं असेल तर नम्रपणे त्याची आठवण करून द्या.

वाद होतो तो बहुतेक रंगावरून. करारात "सोडताना रंगाचे इतके पैसे" असं असेल तर ते द्यावे लागतात, कारण तुम्ही ते मान्य केलेलं आहे. तसं काही नसेल तर राहून जे होतं, म्हणजे रंग फिका पडणं किंवा लादी थोडी घासली जाणं, ती रोजच्या वापरातली झीज आहे आणि तिचे पैसे भाडेकरूने देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. भाडेपट्ट्याच्या बाबतीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही वाजवी झीज वगळूनच घर होतं तसं परत करायला सांगतो. फुटलेलं वॉशबेसिन किंवा जळलेला ओटा मात्र तुमचा. प्रत्येक कपातीचं बिल किंवा कोटेशन मागायला लाजू नका.

पैसे आले नाहीत तर

ताबा पावतीवरची तारीख उलटली की आधी फोन करा. आठवड्याने पत्र आणि मेल पाठवा. त्यात रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि "पंधरा दिवसांत जमा करावी" एवढं लिहा. चिडून धमक्या देऊ नका, तो मजकूर पुढे दुसरं कुणीतरी वाचणार असतं. त्यानेही हललं नाही तर वकिलांकडून नोटीस पाठवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. पुढची पायरी दिवाणी दाव्याची, आणि पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते. स्त्रियांना तर उत्पन्नाची अटही नाही. दावा दाखल करण्याआधीच दोघांना समोरासमोर बसवून तडजोड घडवण्याची सोयही तिथे असते.

"डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेताच येत नाही, नवा कायदा आलाय" असे मेसेज फिरतात. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यातली आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कायदा त्या राज्यात लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आणि तुमचा करार यांच्याच आधाराने बोला.

वकिलांकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणात जाताना सोबत करार, सही केलेलं पत्र, ताबा पावती, मीटरचा फोटो आणि भाडं भरल्याचं बँक स्टेटमेंट न्या. डिपॉझिट मिळालं तरीही ही फाईल तीन वर्षं टाकू नका.